मांडलेली काच आणि भट्टीतून निघालेली काच: फ्युज्ड ग्लास कसं करायचं

फ्युज्ड ग्लास म्हणजे थंड काचेचे तुकडे कापायचे, शेजारी शेजारी किंवा एकावर एक मांडायचे आणि भट्टीत इतके तापवायचे की ते एकमेकांत मिसळून एकच काच होते. फुंकणी लागत नाही, वितळलेला गोळा हाताळावा लागत नाही, टेबलाशी बसून शांतपणे करायचं काम आहे. पहिली छोटी वस्तू बऱ्यापैकी सहज जमते सुद्धा. पण ज्या दिवशी आपण मनात नेमकं चित्र धरून मांडणी करतो आणि भट्टी उघडल्यावर कोपरे गोल झालेले असतात, रेघा रुंद झालेल्या असतात, पिवळा म्हणून ठेवलेला तुकडा लाल निघतो, त्या दिवशी लक्षात येतं की टेबलावर आपण फक्त तयारी करतो, चित्र पुरं होतं ते ८०० अंशाला. मला विचाराल तर या कामातलं सगळं शिकणं एवढ्याचसाठी असतं, थंड तुकडा हातात असतानाच तो तापून काय होणार आहे ते दिसायला लागणं.

म्हणून मी सुरुवात अवजारांपासून करत नाही, काय करायचं इथपासून करते.

काचेला शोभणारे विषय असतात आणि न शोभणारेही असतात. चेहरा, बारीक अक्षरं, टोकदार कोपऱ्यांची नक्षी हे पहिल्याच वर्षी करायला जाऊ नका, काच मऊ झाली की प्रत्येक टोक गोल करायच्या मागे लागते. उलट जिथे थरावर थर आहेत आणि मागून उजेड येतो अशा गोष्टी काचेत फार सुंदर उतरतात. उन्हासमोर धरलेलं पान, उथळ पाण्याखालचे गोटे, वाळूवरच्या लाटांच्या खुणा, रंग उडालेली जुनी भिंत, पाऊस थांबल्यावर डबक्यात दिसणारं आभाळ. मी असं काही दिसलं की फोटो काढते, मग डोळे अर्धवट मिटून त्या फोटोकडे बघते, बारकावे पुसले जाऊन जे तीनचार मोठे डाग उरतात तेवढेच कागदावर उतरवते आणि त्यावरूनच काच निवडते. पानाच्या सगळ्या शिरा काढायची गरज नसते, एक मधली शीर आणि दोन हिरवे रंग एकमेकांवर चढलेले असले तरी बघणाऱ्याला पान दिसतं.

मग दुसरा प्रश्न, ही वस्तू शेवटी कुठे राहणार आहे? खिडकीत टांगणार असाल तर पारदर्शक काचा वापरा, उजेड आरपार जाऊन त्या पेटतात. भिंतीवर लावणार असाल तर तीच गडद निळी पारदर्शक काच काळी दिसेल कारण मागून उजेडच नाहीये, तिथे खाली पांढरी अपारदर्शक काच घालावी लागते म्हणजे उजेड तिच्यावर आपटून रंगातून परत येतो. पारदर्शक रंग एकावर एक ठेवले की ते चष्म्याच्या रंगीत काचांसारखे वागतात, निळ्यावर पिवळा म्हणजे हिरवा, पण लालवर हिरवा ठेवलात तर जवळजवळ काळं. हे सगळं भट्टीशिवाय तपासता येतं, तुकडे एकावर एक धरून खिडकीशी उभं राहा आणि मग पांढऱ्या कागदावर ठेवून परत बघा. मी यात खूप वेळ घालवते आणि तो वेळ कधीच वाया जात नाही.

आता काच निवडण्याबद्दल, कारण इथे चुकलात तर बाकी सगळं बरोबर करूनही वस्तू तडकणार. प्रत्येक काच तापली की फुगते आणि निवली की आकसते, आणि किती ते प्रत्येक जातीचं वेगळं असतं. फ्युजिंगच्या काचेवर ९० किंवा ९६ असा जो आकडा असतो तो हाच, प्रसरणाचा. खिडकीची साधी काच ८० ते ९० च्या मधे कुठेतरी असते, प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट ३३ च्या आसपास, मणी करणारे जी मऊ इटालियन काच वापरतात ती १०४. आता ९० आणि ९६ ऐकायला किती जवळचे वाटतात, पण ३० सेंटीमीटरची पट्टी पावणेपाचशे अंश थंड होताना त्या दोन काचांच्या आकसण्यात साधारण ०.०९ मिलीमीटरचा फरक पडतो आणि एकमेकींना चिकटलेल्या असल्यामुळे तो फरक त्यांना कुठे काढता येत नाही. तो ताण आतच बसून राहतो. कधी भट्टीतच तडा जातो, कधी तीन आठवड्यांनी कपाटात ठेवलेली वस्तू रात्री टणकन आवाज करून दुभंगते. म्हणून एका वस्तूत एकाच आकड्याची आणि शक्यतो एकाच कंपनीची, फ्युजिंगसाठी तपासलेली काच वापरा. नुसता आकडा जुळणं सुद्धा पुरेसं नसतं कारण काच कुठल्या तापमानाला किती घट्ट असते यावरही ताण ठरतो, त्यामुळे कंपनीने तपासलेली आहे हे महत्त्वाचं.

ही सोय आज आपल्याला सहज मिळते पण ती फार जुनी नाही. काचेचे काप मांडून भट्टीत जोडायची कला स्वतः प्राचीन आहे, फुंकून भांडी करायची युक्ती सापडायच्या आधीपासून भूमध्य समुद्राच्या आसपासचे कारागीर रंगीत काड्यांचे काप जोडून, मग साच्यात बसवून वाडगे करायचे. फुंकणी आल्यावर हे मागे पडलं. विसाव्या शतकात काही लोकांनी ते परत हातात घेतलं, शिकागोचे फ्रान्सिस आणि मायकेल हिगिन्स हे नवरा बायको त्यातले. पण वेगवेगळ्या रंगांच्या काचा एकमेकींशी जुळणाऱ्या मिळायच्या कुठे हा प्रश्न होताच. जर्मनीचा क्लाउस मोये हा काचकलाकार १९७९ साली अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत शिकवायला गेला तेव्हा त्याची गाठ पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीच्या लोकांशी पडली, कंपनी १९७४ मधे सुरू झालेली, आणि त्या ओळखीतून भट्टीत जोडण्यासाठी तपासलेल्या रंगीत काचा तयार व्हायला लागल्या. मोयेची कामं बघा, पट्ट्यापट्ट्यांची, रंग अक्षरशः थरथरतात. एका कलाकाराला जे करायचं होतं ते अडलं म्हणून सामान बदललं, ही गोष्ट मला फार आवडते.

बाटल्या आणि खिडकीची जुनी काच वापरायची असेल तर एक नियम पाळा, एका वस्तूत एकाच बाटलीची किंवा एकाच तावाची काच. दोन वेगळ्या बाटल्या दिसायला सारख्या असल्या तरी त्या जुळतील याची काहीच खात्री नाही. आणि टफन ग्लास अजिबात घेऊ नका, ती कापताच येत नाही, कटर लावून दाब दिला की सगळीचा चुरा होतो.

कापायला तेलाचा कटर, काच मोडायची पक्कड, कडा कुरतडायची पक्कड, डोळ्यावर गॉगल, एवढं पुरतं. खरं म्हणजे आपण काच कापत नाही, वर एक रेघ ओढून तिला कुठे तुटायचं ते सांगतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दमात रेघ, दाब सारखा, आणि कान उघडे ठेवा, रेघ बरोबर लागली की बारीक सलग चर्रर्र असा आवाज येतो. पांढरी भुकटी उडाली म्हणजे दाब जास्त झाला. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवायचा नाही, कटर खराब होतो आणि काच भलतीकडे फुटते. रेघ मारली की लगेच मोडा, ठेवून देऊ नका. आत वळणारे आकार एका रेघेत निघत नाहीत, दोनतीन उथळ रेघा मारून थोडं थोडं काढत जायचं.

काच कापून झाली की धुवा. साबणाच्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने, मग न गळणाऱ्या फडक्याने पुसायची. बोटाचे ठसे, कटरचं तेल, मार्करची खूण हे भट्टीत जळून जाईल असं वाटतं पण त्याचा धुरकट डाग काचेवर कायमचा बसू शकतो.

मांडणी करताना ६ मिलीमीटर हा आकडा मनात कोरून ठेवा. पूर्ण वितळलेली काच स्वतःहून साधारण ६ मिलीमीटर जाडीला यायला बघते. फ्युजिंगचा ताव असतो ३ मिलीमीटरचा, म्हणजे दोन थर ठेवलेत तर वस्तू जेवढी मांडली तेवढीच राहते. एकच थर ठेवलात तर काच कडेने आत ओढली जाते, कडा जाड होतात आणि त्यावर सुईसारखी टोकं येतात, मधे पातळ होऊन भोकही पडू शकतं. तीन थर ठेवलेत तर ती बाहेर पसरते आणि कडेचा आकार बिघडतो. हा नियम एकदा कळला की त्याचा वापर करून घेता येतो. मला पाण्यासारख्या वाहणाऱ्या रेघा हव्या असतील तर मी मुद्दाम तिसरा थर घालते आणि बाजूने उष्णता सहन करणाऱ्या फायबरची भिंत लावून त्याला कुठे वाहायचं ते ठरवून देते. एखादा बारीक ठिपका हवा असेल तर काचेचा चौकोनी तुकडा ठेवते, तो एकटा तापला की आपोआप गोल होतो.

तुकड्यांशिवाय फ्रिट म्हणजे काचेचा चुरा मिळतो, अगदी पावडरपासून जाड खड्यांपर्यंत, आणि स्ट्रिंगर म्हणजे काचेच्या बारीक काड्या. पावडर चाळणीतून भुरभुरली की धुक्यासारखा रंग येतो, जाड फ्रिट ठेवली की रंगाचे कण कण दिसत राहतात. मेणबत्तीच्या ज्योतीवर स्ट्रिंगर हलकेच वाकवता येतो, गवताची पाती करायला छान. पावडर वापरताना मात्र चांगला धूळरोधक मास्क घालाच आणि नंतर टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, ही धूळ फुप्फुसात गेली की सहज बाहेर येत नाही. डिंक अगदी टिपकाभर, फक्त तुकडे भट्टीपर्यंत नेताना हलू नयेत म्हणून. जास्त झाला तर जळताना बुडबुडा किंवा डाग ठेवून जातो.

भट्टीच्या शेल्फला काच चिकटू नये म्हणून किल्न वॉश लावायचा, ॲल्युमिना आणि चिनी मातीचं पाण्यातलं मिश्रण, मऊ ब्रशने चारपाच पातळ हात, प्रत्येक वेळी दिशा बदलून, आणि पूर्ण वाळू द्यायचा. किंवा पातळ फायबर पेपर अंथरायचा, त्याने काचेची पाठ जास्त गुळगुळीत येते. हा पेपर तापताना त्यातले धागे बांधून ठेवणारा पदार्थ जळून वास येतो, खिडकी उघडी ठेवा.

आणि आता भट्टीचा प्रोग्राम. ९० ची काच, दोन थर, हाताच्या पंजापासून जेवणाच्या ताटाएवढी वस्तू असं धरून सांगते. ताशी २२० अंशाने ६७७ पर्यंत न्या आणि तिथे अर्धा तास थांबा. या थांब्यात वरची काच मऊ होऊन हळूच खालच्यावर बसते आणि मधली हवा कडेने निघून जाते, घाई केलीत तर ती हवा बुडबुडे होऊन आत अडकते. मग ताशी ३३० ने ८०४ ला, तिथे १० मिनिटं. मग भट्टी जितक्या वेगाने उतरेल तितकी ४८२ पर्यंत उतरू द्या, झाकण न उघडता. ४८२ ला एक तास. पुढे ताशी ८० ने ३७१ पर्यंत आणि मग बंद, आपोआप खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ९६ च्या काचेला तो एक तासाचा थांबा ५१० च्या आसपास लागतो.

सुरुवातीच्या चढावाला हळू जायचं कारण असं की साधारण ५४० अंशाच्या खाली काच अजून कडकच असते, वरचा भाग गरम आणि पोटातला थंड झाला की ती तडकते. ८०४ हा आकडा सुद्धा तुमच्या भट्टीत ७९५ किंवा ८१० निघू शकतो. भट्टीतला सेन्सर हवेचं तापमान सांगतो काचेचं नाही, आणि प्रत्येक भट्टीत एखादा कोपरा गरम असतोच. म्हणून नवीन भट्टी आली की पहिल्या दिवशी कलाकृती करू नका. शेल्फभर सारखे छोटे दोन थरांचे चौकोन मांडा, एक फायरिंग करा आणि कुठले जास्त वितळले कुठले कमी ते बघून शेल्फचा नकाशा वहीत काढून ठेवा. पुढची कित्येक वर्षं तो कामाला येतो.

कमी तापवलं तर वेगळं रूप मिळतं. ७०० ते ७६० च्या मधे तुकडे फक्त चिकटतात आणि कडा गोलसर होतात, हाताला उठाव लागतो, याला टॅक फ्युज म्हणतात. वाळूच्या लाटा, झाडाची साल असे विषय मला यातच करायला आवडतात कारण सावली पडते. पण जाडी कमीजास्त असल्यामुळे निवायला ते जास्त वेळ मागतं, अनेक जण सर्वात जाड भागाच्या दुप्पट जाडी धरून वेळ ठरवतात आणि मी पण तेच करते.

निवण्याबद्दल, म्हणजे ॲनिलिंगबद्दल, अजून थोडं बोलायलाच हवं कारण नवीन लोक सगळं लक्ष वरच्या तापमानाला देतात. ४८२ च्या थांब्यात सगळी काच, पोटापासून कडेपर्यंत, एका तापमानाला येते आणि आतला ताण सुटतो. जाडी दुप्पट झाली की नुसता थांबा दुप्पट करून भागत नाही, उतारही हळू करावा लागतो. ६ मिलीमीटरला तास पुरतो आणि पुढे ताशी ८० ने उतरता येतं. १२ मिलीमीटरला २ तास आणि उतार ताशी ५५. २५ मिलीमीटरला ४ तास आणि उतार ताशी फक्त १५ अंश. माझी एक जाड निळी तबकडी होती, पाण्याखालच्या गोट्यांची, चार आठवडे मांडत होते, आणि मी तिला ६ मिलीमीटरचाच प्रोग्राम दिला. निघाली तेव्हा अप्रतिम दिसत होती. नवव्या दिवशी मधोमध वळणदार तडा गेला. तेव्हापासून वस्तूची जाडी मोजल्याशिवाय मी प्रोग्राम टाकत नाही.

तडा गेलाच तर फेकायच्या आधी तो वाचा. तड्याच्या कडा गोल झाल्या असतील तर काच चढताना फुटली आणि मग वितळली, म्हणजे चढाव हळू करा. कडा धारदार असतील तर उतरताना किंवा नंतर फुटली. तडा दोन रंगांच्या सीमेवरूनच गेला असेल तर त्या काचा जुळत नाहीत. इंग्रजी एस सारखा वळून मधून गेला असेल तर बहुतेक ॲनिलिंग कमी पडलं. ध्रुवीकरणाच्या दोन फिल्म मिळतात, त्या आडव्या उभ्या धरून मधे पारदर्शक काच धरली की जिथे ताण आहे तिथे उजेड दिसतो. नवीन काच घेतली की तिचा छोटा तुकडा साध्या पारदर्शक पट्टीवर फ्युज करून असा तपासून घ्या.

पृष्ठभागावर पांढुरकी साय आल्यासारखं दिसलं तर ते डीव्हिट्रिफिकेशन, म्हणजे काचेच्या अंगावर स्फटिक धरलेत. ७०० ते ७६० च्या आसपास जास्त रेंगाळलं की किंवा काच अस्वच्छ असली की होतं, खिडकीच्या काचेत तर फारच लवकर. घासून काढा, वर पारदर्शक पावडरचा पातळ थर द्या आणि परत फायर करा.

रंगांचं सांगायचं राहिलं, आणि मला सगळ्यात जास्त ओढ त्याचीच आहे. काचेचे रंग धातूंचे असतात, कोबाल्टचा निळा, तांब्याचा मोरपंखी, सोन्याचा गुलाबी, सेलेनियम आणि कॅडमियमचे लाल नारिंगी. यातले काही रंग थंड तावात फिके असतात आणि भट्टीतच उमलतात, सोन्याची गुलाबी काच तर हातात जवळजवळ पाण्याच्या रंगाची असते. दुकानातल्या रंगावर विसंबून मांडणी केलीत तर हमखास फसाल, म्हणून प्रत्येक रंगाचा छोटा चौकोन भाजून त्याच्या मागे नाव लिहून ठेवा. शिवाय काही काचा एकमेकींशी रासायनिक खेळ करतात. तांबं असलेली मोरपंखी आणि गंधक असलेली पिवळट किंवा क्रीम रंगाची काच शेजारी ठेवली की जिथे त्या टेकतात तिथे तपकिरी ते काळी रेघ उमटते. पहिल्यांदा हे बघून मी घाबरले होते की काच घाण राहिली म्हणून. आता किनाऱ्याचं चित्र करायचं असलं की वाळूला क्रीम आणि पाण्याला मोरपंखी मुद्दाम घेते, ओल्या वाळूची ती काळसर कड भट्टी स्वतः काढून देते आणि माझ्या हाताने तेवढी बारीक कधीच आली नसती.

सपाट वस्तूची वाटी करायची असेल तर दुसरं फायरिंग, स्लम्पिंग. किल्न वॉश लावलेल्या सिरॅमिक साच्यावर काच ठेवायची, साच्याच्या तळाशी हवेसाठी भोक हवं, ताशी १५० च्या आसपास हळू चढवून ६३० ते ६७५ च्या मधे ती आत बसेपर्यंत थांबायचं आणि परत आधीसारखंच ॲनिलिंग. सिरॅमिक काचेपेक्षा कमी आकसतं म्हणून काच त्याच्या आत ठेवायची. स्टीलचा साचा काचेपेक्षा जास्त आकसतो म्हणून काच त्याच्या बाहेरून पांघरायची. उलट केलंत तर निवताना एक दुसऱ्याला आवळतो आणि काच फुटते.

भट्टी ५० अंशाच्या खाली आल्याशिवाय उघडू नका, कितीही उत्सुकता असली तरी. बाहेर काढल्यावर वस्तू धुवा, कडा टोचत असतील तर हिऱ्याच्या पॅडने पाण्याखाली घासा, आधी १२० ग्रिट, मग २२०, मग ४००, दर वेळी आधीचे ओरखडे पूर्ण गेले का ते काच वाळवून बघायचं कारण ओली असताना ते दिसत नाहीत. मग वही काढा, मांडणीचा फोटो, जाडी, प्रोग्राम, शेल्फवरची जागा आणि निघालेल्या वस्तूचा फोटो एकाच पानावर चिकटवा. माझी पाचवी वही चालू आहे आणि नवीन काही मांडायच्या आधी मी जुनी पानं उघडून दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत बसते.